बागेची हद्द

वेरूळचा घाट चढून खुलताबादेत आलं की बहुतेकांची पावलं दर्ग्यांकडे वळतात, नाहीतर भद्रा मारुतीकडे. बनी बेगमेच्या बागेत क्वचितच कोणी जातं. ही बेगम औरंगजेबाची सून. बागेच्या मधोमध तिची कबर, चहूबाजूंनी दगडी भिंत, आत पाण्याचे हौद, कारंज्यांच्या जागा आणि वक्र छताचे मंडप. जवळच लालबाग आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ खान जहान याने ती करवली. धाटणी तीच, आकार लहान.

माझं माहेर वेरूळ. वडील लेण्यांपुढच्या बागेत माळी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सुटीच्या दिवशी कधी खुलताबादेत काम निघालं की ते मला बनी बेगमेच्या बागेत घेऊन जायचे. आत शिरल्यावर झाडांकडे ते आधी बघत नसत. भिंतीच्या कडेने चालत जायचे, कुठे दगड निसटलाय का ते बघायचे, मग पाटाचा उतार बघायचे, हौदाच्या तळाला भेग आहे का ते हात लावून बघायचे. झाडांची पाळी शेवटी यायची. भिंत आणि पाण्याची वाट शाबूत असेल तर बाग कधीही पुन्हा उभी करता येते, असं त्यांचं ठाम मत होतं. ही दोन गेली की राहिलेल्या झाडांचं सरपण व्हायला वेळ लागत नाही.

पुढे मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यातली बरीच वर्षं औरंगाबाद शहरात. या शहराच्या बागांचा इतिहास वाचताना अण्णांचीच पद्धत मला पुनःपुन्हा उपयोगी पडली. बाग कोणी लावली हे पुस्तकात सापडतं. ती टिकली का, आणि टिकली तर कशामुळे, हे भिंतीच्या आणि पाण्याच्या कडेने चालत गेल्याशिवाय कळत नाही.

मलिक अंबरने १६१० साली खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. खाम नदी आहे, पण तिच्या भरवशावर राजधानी जगणार नाही हे त्याला दिसत होतं. म्हणून त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालून शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. बांधीव बोगदे, खापरी नळ, मधेमधे हवा सुटायला आणि दाब राखायला उभे केलेले बंब. ना मोट, ना रहाट. पाणी उताराने आपोआप यायचं आणि शहरातल्या हौदांत पडायचं. या एका नहरीच्या पाठोपाठ आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. १७४४च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभारली. डोंगरातून आलेलं पाणी उंचावरून पडून जातं फिरवायचं, त्यावर फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. तिथल्या हौदावर आजही भलामोठा वड आहे.

शहरातल्या लोटाकारंजा, मोतीकारंजा या वस्त्यांत आज कारंजं शोधायला गेलात तर दाट घरं आणि दुचाक्या लागतील. पण या भागांत एके काळी पाणी खेळत होतं याची साक्ष मोहल्ल्यांची नावं देतात, आणि नहरीचं पाणी जिथे पोचलं तिथे बाग झाली. बीबी का मकबरा १६६०-६१च्या सुमारास उभा राहिला. सगळे त्याची ताजमहालाशी तुलना करून मोकळे होतात. मला मात्र तिथे सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद अशी ती तटबंद चारबाग जास्त महत्त्वाची वाटते. मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीवर एवढ्या मोठ्या चौकोनाला पाटाने पाणी फिरवायचं, उतार इंचाइंचाने साधायचा, हे काम कबरीच्या घुमटापेक्षा कमी कसबाचं नव्हतं.

त्या बागा सगळ्यांसाठी नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. शेतकरी, विणकर, पखाली वाहणारे भिस्ती यांच्या वाट्याला त्यांची सावली आली असेल ती कामाला आत गेल्यावरच. त्या काळाचं गोडवे गाणारं चित्र मला उभं करायचं नाही. पण एक गोष्ट तेव्हाच्या माणसांना पक्की ठाऊक होती. बाग ही बांधायची वस्तू होती. तिला हद्द होती, तिच्या पाण्याची सोय आधी ठरलेली होती आणि ती राखणाऱ्या माणसांच्या पोटाची तजवीज केलेली होती.

वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद, औरंगाबाद या पट्ट्यात फिरताना मला असं दिसतं की जी बाग कबरीभोवती किंवा दर्ग्याभोवती होती ती कशीबशी टिकली. हवेलीभोवतीची बाग मात्र गेली. कबरीची जागा वाटून घेता येत नाही, हवेलीची येते. भाऊ वेगळे झाले की आधी परसातल्या हौदावरून भिंत जायची, मग फळझाडांवर कुऱ्हाड पडायची, मग तिथे दुकानांचे गाळे. नहरींच्या खापरी नळांवर घरांचे पाये आले आणि पाण्याची वाट बंद झाली. शहर तेव्हा लहान होतं, म्हणून हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

हिमायतबाग हा याला मोठा अपवाद. दिल्ली दरवाजाजवळची सतराव्या शतकातली ही मोगल बाग, सुमारे ३०० एकरांची. ती टिकली ती फळांमुळे. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. आत शक्कर बावडी नावाची जुनी विहीर आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शेतकरी तिथे कलमं न्यायला येतात. अण्णाही यायचे. वेरूळहून पहाटेची एसटी धरायची, दुपारपर्यंत कलमं निवडायची, ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. सीताफळाचं रोप घेताना ते पानं उलटून बघायचे, आंब्याच्या कलमाचा सांधा अंगठ्याने चाचपायचे. त्या कलमांतलं आंब्याचं एक झाड आमच्या घरामागे अजून फळतं.

या बागेवर शहराचा डोळा नव्हता असं कोण म्हणेल? तीन बाजूंनी वस्ती चढत आली. पण तिथे रोज काम चालतं, हजेरी लागते, रोपं विकली जातात, पावत्या फाटतात. जी जागा रोज वापरात आहे तिला कोणी पडीक म्हणू शकत नाही. हिमायतबागेच्या समोरच जुना खिजरी तलाव आहे. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांचं नाव त्याला दिलं, तेव्हापासून तो सलीम अली सरोवर. त्याच्या काठाचं काय करायचं, बोटी आणि करमणूक की पक्ष्यांची जागा, यावर शहरात पुष्कळ भांडण झालं. पक्ष्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांनी चिकाटी सोडली नाही. आज काठावरच्या झाडीत बगळे उतरतात ते त्यांच्यामुळे.

सत्तरच्या दशकात सिडको आली. ‘नवीन औरंगाबाद’ वसवताना एन-१, एन-२ अशी सेक्टरं पडली. प्रत्येक सेक्टरच्या नकाशात बागांच्या, मैदानांच्या जागा आणि हरितपट्टे आखलेले होते. १९८२च्या डिसेंबरात महानगरपालिका झाली आणि २००६ साली सिडकोच्या वसाहती तिच्याकडे आल्या. सिडकोच्या कामात दोष पुष्कळ होते. पण तिथे मुलांना खेळायला जागा आधी ठेवली आणि घरं मग बांधली, हे मान्य करावंच लागेल. दुसरीकडे शेतांचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून, ना रस्त्याचा विचार ना मोकळ्या जागेचा, अशी गुंठेवारी वसाहतींची रांगच रांग उभी राहिली. राज्याने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला आणि ती घरं नियमित करायचा मार्ग काढला. गरिबाचं घर वाचलं, ते योग्यच झालं. पण जी बाग कधी आखलीच गेली नाही ती कोणत्या कायद्याने नियमित होणार? त्या वसाहतींतली मुलं आजही रस्त्यावर खेळतात.

आता छोट्या जागांविषयी बोलते, कारण खरी हानी तिथेच होते. मोठ्या बागेवर संकट आलं की वर्तमानपत्रात येतं. २०१९च्या डिसेंबरात सिडकोतल्या १७ एकरांच्या प्रियदर्शिनी उद्यानात स्मारकासाठी झाडं तोडली जाणार अशी बातमी आली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली आणि झाडं तोडणार नाही असं सत्ताधाऱ्यांना जाहीर करावं लागलं. एखाद्या कॉलनीतल्या दहा-बारा गुंठ्यांच्या ‘ओपन स्पेस’साठी कोणी कॅमेरा घेऊन येत नाही.

शेतजमीन अकृषिक करून तिचं रेखांकन मंजूर होतं तेव्हा ठरावीक क्षेत्राच्या वरच्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. विकासक ती सोडतो. नकाशावर हिरवा रंग भरतो, भूखंड विकतो आणि निघून जातो. ही जागा भूखंड घेणाऱ्या सगळ्यांची असते. तिची किंमत त्यांनी आपल्या भूखंडाच्या भावातच मोजलेली असते. पण तिला कुंपण नसतं, तिच्या पाण्याची सोय नसते, तिच्यासाठी माळी नसतो. अण्णांच्या हिशोबाने ती बाग नव्हेच. पहिल्या वर्षी तिथे बांधकामाचा राडारोडा पडतो. मग एक रोहित्र बसतं, ते गरजेचंच असतं. मग कोपऱ्यात एक चौथरा होतो आणि त्यावर मूर्ती येते, तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही. मग सभागृहाची पाटी लागते. दर वेळी कारण चांगलंच सांगितलं जातं, आणि दर वेळी तोडायला तीच जागा सापडते.

आमच्या कॉलनीत हेच झालं. कोणाचं नाव घेण्यात मला रस नाही. ओपन स्पेसवर एक दिवस फक्की पडली, पाया खणायला माणसं आली. कसलं काम म्हणून विचारलं तर लोकांच्या सोयीसाठी सभागृह, एवढंच उत्तर. आमच्याकडे एकच कागद असता तर पुढचा सगळा त्रास वाचला असता. मंजूर रेखांकनाची प्रत. ती कोणाकडेच नव्हती. प्रत्येकाने आपल्या भूखंडाचं खरेदीखत लॉकरमध्ये जपून ठेवलं होतं आणि सगळ्यांच्या मालकीच्या जागेचा कागद कोणीही मागितला नव्हता. शेजारच्या एका निवृत्त तलाठीभाऊंनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. बायकांनी सह्या गोळा केल्या. नक्कल हाती आली, तिच्यावर खुल्या जागेची लांबी-रुंदी स्पष्ट लिहिलेली होती. तोवर एका बाजूला खोल्या उभ्या राहिल्या होत्या. त्या आजही आहेत. उरलेली जागा मात्र वाचली.

अशा वेळी लोकांना वाटतं, आपण चार सामान्य माणसं, आपलं कोण ऐकणार. म्हणून बेंगळुरूचं एक प्रकरण सांगते. तिथल्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी विश्वस्त संस्थेला रुग्णालय बांधायला दिली गेली. आदेश थेट मुख्यमंत्र्यांच्या पातळीवरून झाला होता. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उद्यानाची जागा अशी दुसऱ्या कामाला देता येणार नाही आणि त्याविरुद्ध दाद मागायचा अधिकार तिथे राहणाऱ्यांना आहे. रुग्णालयासारखं लोकोपयोगी कारणही न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. मोकळी हवा, खेळणारी मुलं, संध्याकाळी बसायला आलेली म्हातारी माणसं, हाही लोकोपयोगच आहे. झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५चा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची जबाबदारी येते. कायदे कमी नाहीत. ते वापरायला हातात कागद लागतो.

वेरूळचंच उदाहरण घ्या. १९८३ साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली, पर्यटक वाढले. लेण्यांच्या तोंडाशी हॉटेलं आणि दुकानांची भिंत उभी राहिली नाही याचं मुख्य कारण म्हणजे हद्द. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही, हा नियम १९९२ साली आला आणि २०१०च्या दुरुस्तीने कायद्यातच बसला. या नियमाचा गावाला जाच होतो. जुन्या घराची एक भिंत पडली तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. माझ्या माहेरच्या माणसांची ही तक्रार खरी आहे आणि सरकारने त्यांच्या दुरुस्त्यांच्या परवानग्या लवकर दिल्याच पाहिजेत. पण तो नियम नसता तर कैलास लेण्यासमोर आज हिरवळ नसती, हेही तितकंच खरं. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९२पासून अजिंठा-वेरूळ परिसराचा जो विकास झाला त्यात रस्ते, विमानतळ यांच्याबरोबर वनीकरणही होतं. पावसाळ्यात येळगंगा लेण्यांच्या कड्यावरून कोसळते तेव्हा भोवतीचा डोंगर हिरवा दिसतो. तो मोकळा राहिला, कारण तो कोणाचा आहे आणि कुठवर आहे हे कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ठरलेलं आहे.

हद्द राखली की पाण्याचा प्रश्न येतो, आणि या शहरात तो सोपा नाही. सुमारे ५० किलोमीटरवरच्या जायकवाडीहून पाणी उपसून आणायचं, आणि तेही कित्येक भागांत आठवड्यातून एखाद्या दिवशी नळाला येणार. ज्या घरात पिण्याचं पाणी मोजून वापरतात तिथल्या बाईला बागेला नळी लावा असं कोण सांगेल? मलिक अंबरच्या शहरात बाग आणि माणूस एकाच उताराच्या पाण्यावर जगत होते. आपण ती व्यवस्था बुजवली, आता दुसरी शोधायला हवी. आमच्या जागेत आम्ही हिरवळीचा हट्ट धरला नाही. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, आपटा ही इथल्या मातीची झाडं लावली. ती पहिले दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे आपलं आपण बघतात. पहिल्या उन्हाळ्यांत घराघरातून भाज्या-डाळी धुतलेलं आणि शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी बादल्यांनी घातलं. आळी अण्णांसारखी खोल केली, वर पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं. लगतच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी एका शोषखड्ड्यात सोडलं. खाम नदीच्या काठाची स्वच्छता गेल्या काही वर्षांत महापालिका, उद्योग आणि स्वयंसेवक मिळून करताहेत, तिथेही हाच अनुभव आहे. एकदा झाडं लावून फोटो काढणं सोपं. पाणी घालणारा माणूस रोज लागतो, आणि त्याला पगार द्यावा लागतो. आमच्याकडे दर घरामागे वर्गणी आहे आणि एक माळी मामा येतात. वर्गणी वसूल करणं हे या साऱ्यातलं सर्वांत कटकटीचं काम आहे. ते केल्याशिवाय गत्यंतर नाही.

अशा जागा लहान असतात म्हणून त्यांची किंमत कमी धरू नका. म्हाताऱ्या माणसाला १७ एकरांच्या उद्यानापर्यंत रिक्षाने जावं लागतं, आठ गुंठ्यांच्या बागेत तो काठी टेकत जातो. बाळंतीण पोराला घेऊन तिथे ऊन खायला बसते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातली मुलं दुपारी त्याच कडुनिंबाखाली अभ्यासाला येतात. २०२३ साली शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच्या थोर भूतकाळावर भाषणं रोज होतात. त्या भूतकाळातल्या शहाण्या माणसांनी आधी पाणी आणलं, मग भिंत घातली आणि मग झाड लावलं.

तेव्हा वाचकांना माझी एक विनंती आहे. तुम्ही कोणत्याही शहरात राहत असा, येत्या महिन्यात नगररचना विभागात अर्ज करून आपल्या वसाहतीच्या मंजूर रेखांकनाची प्रमाणित नक्कल मागून घ्या. तिच्यावर खुली जागा कुठे आहे आणि किती आहे ते बघा. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून तिची मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा पक्क्या रोवा, कुंपण घाला आणि नकलेच्या प्रती घरोघर वाटा. ती जागा कोणाच्या नावावर लागली आहे तेही तपासा, कारण पुष्कळ ठिकाणी ती अजून मूळ मालकाच्याच नावावर असते आणि त्याचे वारस ती पुन्हा विकतात. पाया खणायला माणसं येण्याआधी हे झालेलं असलं पाहिजे.